आत्याची शिरगणती

आमच्या आत्याला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ऑफसाइड म्हणजे काय हे आतोबांनी तिला चमचे आणि मिठाची बरणी मांडून निदान वीस वेळा समजावलं असेल. दर वेळी ती मन लावून ऐकायची आणि शेवटी विचारायची, "पण मग तो आधीच तिथे जाऊन उभा राहिला तर बिघडलं कुठे?" आतोबा चमचे गोळा करून ठेवून द्यायचे.

तरीही या आत्यामुळे देशातल्या एका लीगला आपले सगळे आकडे पुन्हा तपासावे लागले. त्याचीच ही गोष्ट.

आत्या एकतीस वर्षं मोज्यांच्या कारखान्यात होती. चेकिंगच्या टेबलावर. पायाच्या आकाराच्या लाकडी साच्यावर मोजा चढवायचा, टाच बघायची, बोटं बघायची, इलॅस्टिक ताणून बघायचं. टाका सुटलेला असेल तर डावीकडच्या टोपलीत, नाहीतर जोड लावून उजवीकडे. बारा जोडांचा डझन, बारा डझनांचा ग्रोस, म्हणजे एकशे चव्वेचाळीस. दिवसभर हेच. तिची नजर अशी तयार झाली होती की गड्डी हातात न घेताच ती सांगायची, "ह्यात अकराच आहेत." उघडून बघावं तर अकराच. आमच्याकडे कधी लग्नकार्य असलं की किती पानं वाढायची ते आचारी आईला विचारायचा नाही, आत्याकडे बघायचा. ती दारात उभी राहून मांडवावरून एक नजर फिरवायची आणि आकडा सांगायची. आई म्हणायची, "वन्सं, तुम्हाला माणसं दिसतात की मोजे?" आत्या हसून सोडून द्यायची.

आतोबा बस डेपोत टाइमकीपर होते. त्यांचं दैवत एकच, गावातला फुटबॉल क्लब. क्लब तिसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये खेळायचा आणि बहुतेक वर्षं खालून चौथा किंवा पाचवा यायचा. आतोबांना त्याचं काही नव्हतं. दर रविवारी ते आणि त्यांचा एक शिंपी मित्र कडेच्या स्टँडवर सर्वांत वरच्या ओळीत जाऊन बसायचे. त्यांनी हे चाळीस वर्षं केलं. मग शिंपी मित्र मुलीकडे कायमचा राहायला गेला आणि आतोबांच्या शेजारची जागा रिकामी झाली. नेमकी त्याच महिन्यात आत्या निवृत्त झाली.

"चल की," आतोबा म्हणाले. "घरी बसून काय करणार आहेस?"

"तिथे बसून काय करू?"

"बसायचंच आहे ना, मग तिथे बस. हवा तरी लागेल."

आत्या गेली. दहा मिनिटांत तिला कंटाळा आला. ती इकडेतिकडे बघायला लागली. आतोबांनी कोपराने ढोसलं. "अगं, मैदानाकडे बघ."

"मैदानात बावीस आणि एक शिट्टीवाला. ते मोजून झाले."

तेवढ्यात लाउडस्पीकर खरखरला. "आजच्या सामन्याला उपस्थित प्रेक्षक, दोन हजार शंभर! सर्वांचे आभार!"

आत्या एकदम ताठ झाली. इलॅस्टिक सैल निघालं की टेबलावर ती अशीच ताठ व्हायची. "किती म्हणाला?"

"दोन हजार शंभर."

"शक्यच नाही."

आणि तिने मोजायला सुरुवात केली. स्टँडच्या छपराला दर काही अंतरावर लोखंडी खांब होते. खांब ते खांब एक टोपली, असं तिने मनाशी धरलं आणि डझनाडझनाने माणसं टोपलीत टाकत गेली. समोरचा स्टँड, गोलच्या मागचा उतार, तारेच्या कुंपणाला टेकून उभे असलेले, चहाच्या टपरीशी रेंगाळणारे. पाऊण तासाने तिने आतोबांच्या तिकिटाच्या पाठीवर लिहिलं, नऊ ग्रोस, चार डझन, सात. तेराशे एक्कावन्न.

"अहो, साडेसातशे माणसं कमी आहेत," ती म्हणाली.

"गोल!" आतोबा ओरडले आणि उभे राहिले. सगळा स्टँड उभा राहिला.

"बसा हो खाली! लोक जागा बदलतायत!"

त्या दिवसापासून आत्याला गोल आवडेनासे झाले. गोल झाला की माणसं उड्या मारतात, एकमेकांच्या गळ्यात पडतात, दुसऱ्याच ओळीत जाऊन बसतात, आणि अर्धी मोजणी पाण्यात जाते. शून्य-शून्य सुटलेला सामना तिच्या मते सर्वांत छान. आमचा क्लब या बाबतीत तिला फारसा निराश करायचा नाही.

पुढच्या रविवारी ती स्वतःहून तयार झाली. हातात एक लांबट वही होती, कारखान्यातली उरलेली. पानावर आधीच छापलेले रकाने होते, ग्रोस, डझन, नग. तारीख घालून ती दोनदा मोजायची, एकदा सामना सुरू झाल्यावर वीस मिनिटांनी, एकदा मध्यंतरानंतर वीस मिनिटांनी. बायका वेगळ्या, पुरुष वेगळे. मांडीवरची पोरं धरायची, कडेवरचं तान्हं धरायचं नाही, असे तिचे नियमही होते. हळूहळू स्टँडला तिची सवय झाली. पुढच्या ओळीतला न्हावी मान वळवून विचारायचा, "आत्या, आज किती?" ती सांगायची, "पावणेनऊ." आणि न्हावी पुढे जाहीर करायचा, "पावणेनऊ ग्रोस!" वर्षभरात त्या स्टँडमधल्या प्रत्येकाला ग्रोस म्हणजे किती ते पाठ झालं. लाउडस्पीकरवर "एकोणीसशे" असं आलं की अख्खी ओळ आत्याकडे बघून हसायची.

लाउडस्पीकरवरचा आकडा ठरवायचे क्लबचे सेक्रेटरी. त्यांचं बाजारात चष्म्यांचं दुकान होतं. उंच, हसतमुख, खांद्यावर हात ठेवून बोलायची सवय. ते स्टँडकडे एक नजर टाकायचे आणि चिठ्ठीवर आकडा लिहून वर पाठवायचे. न्हावी म्हणायचा, "दुकानातला चष्मा घालून मोजत असतील. एकाचे दीड दिसतात."

आतोबांना मात्र हे सगळं थोडं टोचायचं. त्याला कारण होतं. वर्तमानपत्रात दर सोमवारी एक कोष्टक यायचं, कोणत्या लीगच्या सामन्यांना सरासरी किती प्रेक्षक. पहिली श्रेणी अडतीस हजार. दुसरी नऊ हजार. आमची तिसरी एकोणीसशे. सर्वांत खाली बारीक अक्षरात महिलांची लीग, चारशे तीस. आतोबा ते कोष्टक कापून ठेवायचे आणि त्यावर त्यांचं एक ठरलेलं गणित होतं. आल्यागेल्याला ते ऐकवायचेच.

"हे बघा, त्या शहराची वस्ती तीस लाख. मॅचला किती? अडतीस हजार. म्हणजे एकोणऐंशी माणसांत एक. आपलं गाव अठरा हजारांचं. मॅचला एकोणीसशे. म्हणजे साडेनवात एक! मग मोठी लीग कुणाची?"

पाहुणे तोंडात बोटं घालायचे. आत्या स्वयंपाकघरातून म्हणायची, "पण मोजले कुणी?"

हा प्रश्न आतोबांच्या डोक्यात किड्यासारखा वळवळायचा. शेवटी एकदा, शहरात मुलाकडे गेलेले असताना, त्यांनी पहिल्या श्रेणीच्या सामन्याची दोन तिकिटं काढली. "ये, मोज," ते म्हणाले. "बघू तरी."

ते प्रचंड स्टेडियम बघून आत्या पहिली पाच मिनिटं नुसती मान वळवत राहिली. बेचाळीस हजार खुर्च्या. तिच्याकडे एक वही आणि आतोबांची जुनी दुर्बीण. मग ती म्हणाली, "अहो, भरलेल्या कशाला मोजायच्या? रिकाम्या मोजते." खुर्च्या निळ्या होत्या, त्यामुळे रिकामी खुर्ची लांबूनही चटकन दिसायची. ब्लॉकमागून ब्लॉक ती पुढे सरकली. आतोबा मात्र खेळात इतके हरवले की दोन तास त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. सामना संपला तेव्हा मोठ्या पडद्यावर आकडा आला, अडतीस हजार चारशे. आत्याच्या वहीत होतं, रिकाम्या नव्वद ग्रोस. म्हणजे आलेले एकोणतीस हजार, थोडे इकडेतिकडे.

बाहेर पडताना तिने फाटकावरच्या कर्मचाऱ्याला गाठलं. "काय हो, इथे नऊ हजार माणसं अदृश्य आहेत का?"

तो हसला. "आजी, ज्यांनी वर्षाचा पास काढलाय ते घरी झोपले असले तरी आम्ही त्यांना आलेलेच धरतो. विकलं गेलेलं तिकीट म्हणजे माणूस."

आत्याला हे फारच आवडलं. परतीच्या बसमध्ये ती तेच घोळवत बसली. मग परत आल्यावर एका शनिवारी ती महिलांच्या लीगच्या सामन्याला गेली. हे सामने शाळेच्या मैदानावर व्हायचे. प्रेक्षक इतके थोडे की तिच्या दोन्ही मोजण्या दहादहा मिनिटांत झाल्या. जाहीर झाले चारशे बारा. तिच्या वहीत चारशे पंधरा. ती फाटकावरच्या बाईंना विचारायला गेली, तर त्या तिकिटांचे अर्धे तुकडे दहादहाच्या गठ्ठ्यांत बांधत बसल्या होत्या. "तीन जास्त कसे म्हणता? हां, त्या खेळाडूंच्या आया. त्या मागच्या दाराने येतात."

त्या दिवशी रात्रीच्या जेवणाच्या आधी आत्याने आतोबांना सांगितलं, "तुमचं ते कोष्टक काही खरं नाही. वरचे लोक विकलेली तिकिटं मोजतात, आपले लोक सेक्रेटरींचा मूड मोजतात, आणि माणसं मोजतात फक्त त्या शाळेच्या मैदानावरच्या बाई. तीन वेगवेगळ्या पट्ट्यांनी मोजलेली कापडं एकाखाली एक ठेवून लांबी काय बघता?"

आतोबांनी कोष्टक पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचलं. मग पेन्सिल घेऊन बसले. एकोणतीस हजारांना तीस लाखांत, तेराशेंना अठरा हजारांत. "शंभरात एक," ते म्हणाले. "आणि आपले चौदात एक."

"वाईट नाही की मग," आत्या म्हणाली.

इथवर सगळी गंमतच होती. तीन वर्षं अशी मजेत गेली. वहीत त्रेचाळीस सामने नोंदले गेले. दोन सामने हुकले, एक आत्याला ताप आला म्हणून आणि एक माझ्या साखरपुड्यामुळे. साखरपुड्याबद्दल तिने मला अजून पुरतं माफ केलेलं नाही.

मग बातमी आली. लीगने ठरवलं होतं की दुसऱ्या श्रेणीत एक नवा गट काढायचा आणि त्यात तिसऱ्या श्रेणीतले आठ क्लब वर घ्यायचे. कसे घ्यायचे? तर मैदान बरं हवं, आणि सरासरी प्रेक्षक किमान पंधराशे हवेत. बारा क्लबांनी अर्ज केले. आमच्या सेक्रेटरींनी अर्जात लिहिलं, एकोणीसशे चाळीस.

गावात नुसता उत्साह. चाळीस वर्षांत क्लब एकदाही वर गेला नव्हता. न्हाव्याने दुकानाला क्लबच्या रंगांचा नवा रंग दिला. आतोबा रोज संध्याकाळी नव्या गटात कोणते क्लब असतील याची यादी करायचे आणि खोडायचे. पाठोपाठ दुसरी बातमी आली, तपासणीसाठी लीगच्या एक अधिकारी बाई रविवारी सामन्याला येणार.

शुक्रवारी दुपारी सेक्रेटरी आत्याच्या घरी आले. पहिल्यांदाच. आत्याने चहा टाकला. त्यांनी मुलाची चौकशी केली, भिंतीवरच्या घड्याळाचं कौतुक केलं, खिडकीतल्या कुंड्यांचंही केलं. मग म्हणाले, "ताई, तुमचा चष्मा फार जुना झाला की हो. या एकदा दुकानात. नंबर तपासतो, नवी फ्रेम देतो. घरचंच समजा."

"माझा नंबर बरोबर आहे," आत्या म्हणाली. "तुम्ही तुमचाच तपासा."

सेक्रेटरी हसले, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "ताई, मी खोटं बोला म्हणत नाही. फक्त ती वही रविवारी घरी राहिली तर बरं. बाकीचे क्लब काय खरं लिहितायत असं वाटतं तुम्हाला? आपणच सोवळे राहायचं आणि मागे पडायचं?"

ते गेल्यावर कपबशा विसळताना आत्या आतोबांना म्हणाली, "तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"मी काय बोलू? मोजणी तुझी, वही तुझी."

"तरी पण."

आतोबा खिडकीशी उभे होते. "मी तुला काही सांगणार नाही," ते म्हणाले. "एवढंच, की मला एकाहत्तरावं चालू आहे. पुढच्या वेळी असा नवा गट कधी निघेल, कोण जाणे."

हे त्यांनी रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं आत्या नंतर मला म्हणाली. ते साधेपणानेच म्हणाले आणि शनिवारभर कमी जेवले.

शनिवारी दुपारी ती आमच्याकडे आली आणि आईपाशी बसली. तिने कारखान्यातली एक गोष्ट सांगितली. मी ती आधी कधी ऐकली नव्हती. एकदा एका इस्पितळासाठी चाळीस ग्रोस मोजे जायचे होते. इलॅस्टिक घट्ट होतं, हिच्या लक्षात आलं, पण गाडी दारात उभी आणि सुपरवायझर डोक्यावर. म्हणाला, जाऊ दे. हिने जाऊ दिलं. आठवड्याने सगळा माल परत आला आणि सोबत एक पत्र. म्हाताऱ्या रुग्णांच्या पोटऱ्यांवर वळ उठले होते. "मला कुणी काही बोललं नाही," आत्या म्हणाली. "सुपरवायझरलाच बोलणी बसली. पण वहिनी, बघितलेलं होतं ना मी."

आई म्हणाली, "मग उद्या काय करणार?"

"विचारलं तर सांगणार. आपणहून जाऊन सांगणार नाही. एवढी सवलत त्यांना देते."

ही सवलत फुकट गेली. रविवारी लीगच्या बाई आल्या. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, पायात मळखाऊ बूट. सेक्रेटरींनी त्यांना खास खुर्ची दिली होती. त्या तिथे बसल्याच नाहीत, सरळ स्टँडमध्ये शिरल्या आणि पहिल्या दिसलेल्या माणसाला विचारलं, "एरवी एवढीच गर्दी असते का?" तो पहिला दिसलेला माणूस नेमका न्हावी. त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "ते आत्यांना विचारा, त्यांच्याकडे सगळं लिहिलेलं असतं." आणि मग त्याने जीभ चावली.

बाई वर आल्या. आत्याने विचारलं, "खरं हवंय ना?"

"त्यासाठीच आलेय."

आत्याने वही दिली. आतोबा समोर मैदानाकडे बघत राहिले. बाईंनी एकेक पान उलटलं. ग्रोस म्हणजे काय ते विचारलं, मोजायची पद्धत विचारली, नियम विचारले, तान्ह्या पोरांचाही. शेवटी आत्यानेच सरासरी सांगितली, "आठ ग्रोस, अकरा डझन, तीन. बाराशे सत्याऐंशी."

बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली. पुढचे पंधरा दिवस आत्याने जे काही सोसलं ते ती हसत सांगते, पण तेव्हा ती हसत नव्हती. भाजीवाली तिच्या पिशवीत भाजी टाकताना नजर वर करत नव्हती. न्हाव्याने आतोबांची दाढी केली, पण एक अक्षर बोलला नाही, आणि न्हावी दाढी करताना गप्प म्हणजे परिस्थिती कुठवर गेली असेल बघा. पुढच्या रविवारी स्टँडमध्ये कुणीतरी मागून म्हणालं, "आल्या ग्रोसवाल्या." तिच्या डावीकडच्या तीन जागा रिकाम्या राहिल्या. तिने त्या मोजल्या आणि रिकाम्या म्हणून लिहिल्या.

त्या रविवारी आतोबा मागे राहिले होते, चहा आणायला. ते वर आले, तिच्या शेजारी बसले, एक कप तिच्या हातात दिला. मग साऱ्या ओळींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काय गं, आज किती?"

"सात," आत्या म्हणाली. "सात ग्रोस, दोन डझन. माझ्यावर रागावून काही घरी बसलेत."

"बसू देत," आतोबा म्हणाले.

महिन्याभराने लीगच्या बाईंचा फोन आला. बाकीच्या अकरा क्लबांना त्यांनी विचारलं होतं, तुमच्या आकड्यांना आधार काय? कुणी गोलमोल पत्र पाठवलं, कुणी फोटो पाठवला, एका क्लबाने तर आमच्या इथली गर्दी जगजाहीर आहे एवढंच लिहिलं. हातात वही असलेला क्लब एकच निघाला. "आत्या," बाई म्हणाल्या, म्हणजे तोवर त्याही आत्याच म्हणायला लागल्या होत्या, "तुम्ही आमच्यासाठी बाकीची मैदानं मोजाल का? प्रत्येक ठिकाणी तीनतीन सामने. जायची यायची सोय आम्ही करू."

आत्या म्हणाली, "मला एकटीला खेळ कळत नाही. यजमान बरोबर येतील."

आणि मग ते दोघं निघाले. जवळजवळ पूर्ण हंगाम, दर शनिवार-रविवार, बसने, दोन पिशव्या, दुर्बीण, वही आणि पाठीला उशी. आतोबांनी आयुष्यात आपल्या क्लबचं मैदान सोडून फार तर तीन मैदानं पाहिली होती, आता अकरा पाहिली. प्रत्येक ठिकाणचं गवत, प्रत्येक ठिकाणचे गोलकीपर, याची पत्रं ते शिंपी मित्राला लिहायचे. आत्याची पत्रं मला यायची आणि त्यात फक्त गर्दी असायची. एका गावात क्लबाने तीन शाळांची पोरं आणून बसवली होती. आत्याने पहिल्या मोजणीत ती लिहिली, दुसऱ्या मोजणीला पोरं घरी गेलेली. दुसऱ्या ठिकाणी गर्दी एका स्टँडमधून मागच्या बाजूने दुसऱ्या स्टँडमध्ये सरकत होती, म्हणजे आत्याने तीच माणसं पुन्हा मोजावीत. "लाल टोपीचा एक जाडा माणूस मला तीन ठिकाणी भेटला," तिने लिहिलं होतं. "तिसऱ्या वेळी मी त्याला हात केला. त्याने टोपी काढून खिशात घातली." एका क्लबचा दावा सव्वीसशेचा होता. निघाले आठशे नव्वद.

सगळ्या वह्या मीच संगणकावर चढवल्या, म्हणून मला पाठ आहे. पंधराशेच्या वर खऱ्या मोजणीने एकच क्लब निघाला, पंधराशे चाळीस. दुसरा चौदाशे दोन. तिसरे आम्ही, बाराशे सत्याऐंशी. बाकी सगळे त्याखाली. लीगने पंधराशेची अट गुपचूप गुंडाळली आणि खऱ्या आकड्यांप्रमाणे वरचे आठ घेतले.

आम्ही वर गेलो. न्हाव्याने त्या दिवशी कुणाचेही केस कापले नाहीत, दाराशी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला मिठ्या मारत होता. भाजीवालीने आत्याच्या पिशवीत मूठभर मिरच्या जास्त टाकल्या आणि म्हणाली, "मला तेव्हाच वाटलं होतं." सेक्रेटरींनी मैदानात भाषण केलं आणि सांगितलं की आपल्या क्लबने पहिल्यापासूनच पारदर्शकतेचा आग्रह धरला होता. आत्या टाळ्या वाजवत होती. मी म्हटलं, "आत्या, तुला राग नाही येत?" ती म्हणाली, "अगं, बोलू दे त्यांना. चिठ्ठी आता मी लिहिते ना."

मैदानावर म्हणाल तर पहिल्या वर्षी आमचे धिंडवडे निघाले. चौदा सामने हरलो आणि खालून दुसरे आलो. पण प्रेक्षक वाढले, सोळाशे दहापर्यंत गेले. आतोबा म्हणतात, चांगल्या संघांकडून हरताना बघायलाही वेगळी मजा असते.

हंगाम संपल्यावर लीगने एक बैठक बोलावली. विषय होता, प्रेक्षकसंख्या कशी वाढवावी. पहिल्या श्रेणीपासून महिलांच्या लीगपर्यंत सगळे लोक आले होते. आत्यालाही बोलावलं होतं, पण बहुतेक आभार मानायला. दोन तास कुणी संगीत लावा म्हणालं, कुणी रोषणाई करा, कुणी नवा शुभंकर काढा. शेवटी लीगच्या बाईंनी विचारलं, "आत्या, तुम्हाला काय वाटतं?"

आत्या उभी राहिली. तिने वहीची काही पानं सुतळीने खुणा करून आणली होती. "मी दोनदा मोजते," ती म्हणाली. "एकदा मध्यंतराआधी, एकदा नंतर. पुरुष दोन्ही वेळा सारखेच असतात. बायका तिसऱ्या श्रेणीच्या मैदानांवर मध्यंतरानंतर जवळजवळ निम्म्या होतात. बाराच्या बारा मैदानांवर. पण महिलांच्या लीगमध्ये एकही कमी होत नाही. मी बरेच दिवस विचार करत होते, असं का? मग लक्षात आलं. ते सामने शाळेच्या मैदानावर होतात, आणि शाळेत मुलींसाठी संडास असतात."

आत्याने सुतळीची खूण काढून पुढचं पान उघडलं.

"आमच्या मैदानावर बायकांसाठी एकही नाही," आत्या म्हणाली. "मी मध्यंतरात न्हाव्याच्या घरी जाते. ज्यांना न्हावी ओळखीचा नाही त्या घरी जातात, आणि घरी गेल्यावर कोण परत येतंय? तुम्ही रोषणाई करा, करू नका असं मी म्हणत नाही."

दोन महिन्यांनी सेक्रेटरी नकाशाची गुंडाळी घेऊन आत्याच्या घरी आले. या वेळी त्यांनी घड्याळाचं कौतुक केलं नाही, सरळ विचारलं, "ताई, किती बांधू?"

"आठ."

"सहा बांधतो."

"मग मला विचारलंत कशाला?"

त्यांनी सहाच बांधले. पण बांधले. स्टँडच्या मागे, पांढऱ्या फरशीचे, वर झरोके असलेले. पुढच्या हंगामाच्या पहिल्या सामन्याला आत्या माझ्या आईलाही घेऊन गेली. आई जन्मात मैदानाची पायरी चढली नव्हती. दोघी सामना सुरू व्हायच्या आत मागे गेल्या. आत्याने सहाही दारं एकेक करून उघडली, आत जाऊन नळ सोडून बघितला, कडी लावून बघितली, आतून धक्का दिला.

"वन्सं, चला ना आता," आई म्हणाली. "शिट्टी वाजली."

"वाजू दे हो वहिनी. दोन नंबर आणि पाच नंबरची कडी लागत नाहीये." तिने वही उघडून ते लिहून घेतलं आणि प्लंबरला शोधायला निघाली.